खाजगीकरण म्हणजे काय, व शेतकऱ्यानें तें कसें पारखावें?

गेल्या कांहीं वर्षांत पातूर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकींत एक प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. ‘वीज खाजगी होणार म्हणतात, म्हणजे नेमकें काय होणार? आपल्या विहिरीवरच्या पंपाचें काय?’ प्रश्न साधा आहे. परंतु त्यास उत्तर देणारे बहुधा दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतात कीं, सरकारी म्हटलें कीं तें सुस्त व भ्रष्ट असावयाचेंच, कंपनी आली म्हणजे सर्व सुरळीत होईल. दुसरे म्हणतात कीं, खाजगी म्हटलें कीं लूट ठरलेली, सरकार हेंच आपलें मायबाप. ह्या दोन्ही उत्तरांत विचाराचा भाग थोडा व सवयीचा भाग फार आहे. सबब ह्या शब्दाची थोडी फोड करून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आपल्या वऱ्हाडांत शेत दुसऱ्याच्या हातीं देण्याचे निरनिराळे मार्ग आहेत, व त्यांचे परिणामहि निरनिराळे असतात, हें लहान पोरासहि ठाऊक असतें. शेत विकलें म्हणजे मालकी गेली. बटईनें दिलें म्हणजे मालकी एकाची, मेहनत दुसऱ्याची, व उत्पन्न वांटून घ्यावयाचें. ठोक्यानें दिलें म्हणजे ठरलेली रक्कम हातीं आली. पुढें शेतांत काय होतें तें ठोकेदार जाणे. आणि सालदार ठेवला म्हणजे मालकी आपली, कारभार आपला, मेहनत तेवढी पगारी. सार्वजनिक धंद्यांचेंहि असेंच आहे. सरकारनें आपल्या कंपनीचे भाग विकले तर ती विक्री होय. एखाद्या शहराचें वीजवांटप ठराविक वर्षांसाठीं कंपनीकडे सोंपविलें, ज्यास फ्रँचायझी म्हणतात, तर तो ठोका होय. मालकी एकाची व चालविणें दुसऱ्याचें अशी व्यवस्था असली तर ती बटई होय. आणि सरकारी खात्याचा अगर महामंडळाचा कारभार म्हणजे सालदारी. ह्यांतील सालदारी सोडून बाकीच्या सर्वांस ‘खाजगीकरण’ असें एकच नांव देऊन भांडत बसणें म्हणजे विक्रीखत कोणतें व बटईपत्र कोणतें हें न पाहतां अंगठा उठविणें होय.

परंतु कागदाचा प्रकार ओळखल्यानेंहि काम संपत नाहीं. शेत ठोक्यानें देणारा शहाणा मालक रकमेबरोबर आणखी एक गोष्ट ठरवून घेतो : धुरा कोणीं बांधावयाचा? ठोकेदाराची दृष्टि त्या सालच्या पिकावर असते. धुरा फुटून माती वाहून गेली तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. पुढील सालीं तो दुसरें शेत पाहील. सार्वजनिक सेवेसहि असाच एक धुरा असतो. ज्या कामांत मिळकत नाहीं, पण जें केल्यावांचून सेवेस सेवा म्हणतां येत नाहीं, तें काम म्हणजे हा धुरा. दूरच्या वाडीस तार नेणें, दोन-चार उतारूंसाठीं रात्रीची गाडी गांवीं पाठविणें, हंगामांत जळालेली डी. पी. ताबडतोब बदलून देणें, हीं त्या प्रकारचीं कामें होत. ह्या दायित्वाचें काय होतें, तें कोणाच्या माथीं राहतें, व तें न पाळल्यास जाब कोणास विचारतां येतो, ह्यांतच खाजगीकरणाचा खरा अर्थ आहे, असें आमचें मत आहे. मालक कोण, हा प्रश्न त्यानंतरचा.

ज्या धंद्यास असा धुरा फारसा नाहीं तेथें विक्रीनें शेतकऱ्याचें कांहीं अडत नाहीं. टाटांनीं १९३२ मध्यें आरंभिलेली विमान कंपनी १९५३ मध्यें सरकारी झाली, व तिच्यापासून झालेली एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्यें पुन्हा टाटांकडे गेली. ह्यामुळें चान्नी-आलेगांवच्या शिवारांत एक काडीहि हालली नाहीं. विमानानें जाणाऱ्यास एक कंपनी न पटली तर दुसरी आहे. विहिरीवरच्या पंपास मात्र तार एकच येते, व ती देणाऱ्यावर रुसून शेतकऱ्यास दुसरीकडे जातां येत नाहीं. हा भेद नेहमीं लक्षांत ठेवावा.

बटईचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. मूर्तिजापुराहून एक फांटा यवतमाळास व दुसरा अचलपुरास नेणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभीं वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मोठ्या मार्गावर आणण्यासाठीं बांधली गेली. दोन्ही फांटे मिळून तिची लांबी सुमारें १९० किलोमीटर. मालकी किलिक निक्सन ह्या विलायती पेढीनें चालविलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाडी चालविणें मात्र प्रथम जी. आय. पी. रेल्वेकडे व पुढें मध्य रेल्वेकडे. आणि उत्पन्नांत कंपनीचा वांटा. स्वातंत्र्यानंतर देशांतील रेल्वेमार्ग एकत्र होऊन सरकारी झाले, तेव्हां ही गाडी जुन्या करारावरच राहिली. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन ओढीत होतें. हौशी प्रवाशांस तें मोठें रम्य वाटे; परंतु त्याचा खरा अर्थ एवढाच कीं, त्या मार्गावर नवें भांडवल घालण्यास कोणीहि पुढें येत नव्हतें. मार्ग दुसऱ्याचा, त्यावर रेल्वेनें किती खर्च करावा? गाडी दुसऱ्याची, तिच्या वेगाची चिंता कंपनीनें कां वाहावी? अशा स्थितींत गाडी मंदावत मंदावत अलीकडील वर्षांत बंद पडली, व वाटेवरच्या खेड्यांचें स्वस्त प्रवासाचें साधन गेलें. येथें कोणीं लुबाडलें असें म्हणण्यापेक्षां धुरा बेवारस राहिला असें म्हणणें अधिक खरें होय.

ही गोष्ट आपल्याच देशांतील गैरकारभाराची म्हणून सोडून देतां येत नाहीं. इंग्लंडांत १९९० नंतरच्या दशकांत रेल्वेचे रूळ एका कंपनीस व गाड्या निरनिराळ्या कंपन्यांस देण्यांत आल्या. रुळांची कंपनी २००१ मध्यें बुडीत निघाली, व २००२ मध्यें तें काम नफा न वांटणाऱ्या एका संस्थेकडे सोंपवावें लागलें. मालकी व दायित्व ह्यांची फारकत झाली कीं विलायतेंतहि रूळ कोणीं पाहावेत हा प्रश्न उभा राहतो.

आतां सालदारीची बाजू पाहूं. कारण ती झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९७१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत कापूस एकाधिकार खरेदीची व्यवस्था झाली, व १९७२-७३ च्या हंगामापासून ती अंमलांत आली. मापांत कटौती व भावांत फसवणूक करणाऱ्या व्यापाऱ्याच्या तावडींतून शेतकऱ्यास सोडवावें, हा हेतु चांगला होता, व मंदीच्या कांहीं वर्षांत योजनेचा आधारहि झाला. परंतु पुढें काय झालें तें ज्यांनीं केंद्रावर गाडी लावून रात्री काढल्या त्यांस सांगावयास नको. गाड्यांच्या रांगा, प्रतवारीचे तंटे, महिनोन्महिने थकलेले चुकारे! शेजारच्या राज्यांत भाव चढला कीं इकडचा कापूस चोरवाटेनें तिकडे जावा, व उतरला कीं तिकडचा इकडे यावा. तोटा सांचत गेला, व एकाधिकार ढिला होत होत २००२ च्या सुमारास संपला. तेव्हां मालक सरकार होतें, म्हणजे नांवापुरते आपणच मालक होतों. पण आपल्याच केंद्रावर आपणांस कोणी विचारीत नव्हतें. मालक घरीं बसला व हिशेब पाहीनासा झाला, तर सालदाराच्या नांवानें बोटें मोडण्यांत अर्थ नाहीं. सार्वजनिक म्हणविलेली वस्तु ज्यांच्या कंबरेस किल्ल्या असतात त्यांची खाजगी होऊन बसते. हेंहि एक खाजगीकरणच होय. मात्र त्याचा कागद होत नाहीं.

एकाधिकार गेल्यावर व्यापारी आला, रोख चुकारा देऊं लागला, हें बरेंच झालें. परंतु भाव पडला कीं तोच शेतकरी हमीभावासाठीं भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्राकडे धांव घेतो. तात्पर्य, खुला बाजार सोसवतो तोहि त्याच्या पाठीशीं एक सार्वजनिक आधार उभा आहे म्हणून.

ह्या अनुभवाची शिदोरी घेऊन विजेकडे वळूं. ब्रिटिश अमदानींत मध्यप्रांत-वऱ्हाडांतील वीज बहुतांशीं परवानाधारक खाजगी कंपन्यांकडे होती, व ती शहराच्या वेशीशीं थांबत असे. १९४७ मध्यें सबंध देशांत वीज पोंचलेलीं खेडीं सुमारें १,५०० होतीं. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानें राज्यांचीं मंडळें स्थापण्याची सोय झाली. महाराष्ट्राचें मंडळ १९६० मध्यें निघालें. आणि १९६१ मध्यें आपल्या शेजारच्या बाळापूर तालुक्यांत पारस येथें वीजकेंद्र सुरू झालें. तेथील जुने संच निकालांत निघाले असून २००८ व २०१० मध्यें उभारलेले २५० मेगावॉटचे दोन संच त्यांच्या जागीं आले आहेत. विहिरीवरची मोट जाऊन पंप आला तो मुख्यतः ह्या मंडळाच्या तारेनें. केवळ मिळकतीचा हिशेब करून तार न्यावयाची असती, तर ती डोंगरपायथ्याच्या आपल्या गांवांस फार उशिरां दिसली असती.

६ जून २००५ रोजीं ह्या मंडळाची विभागणी होऊन निर्मिति, पारेषण, वितरण अशा कंपन्या व त्यांवर एक सूत्रधारी कंपनी झाली. ह्या कंपन्या सरकारी मालकीच्याच आहेत. त्यानंतर ठोक्याचे प्रयोग झाले. जानेवारी २००७ मध्यें भिवंडीचें वांटप टोरंट कंपनीकडे गेलें. तेथील गळती व चोरी बरीच कमी झाली, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. २०११ मध्यें नागपूर, औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, व जळगांव येथील वांटपहि निरनिराळ्या कंपन्यांस मिळालें. त्यांपैकीं औरंगाबादचा करार २०१४ मध्यें व जळगांवचा २०१५ मध्यें संपुष्टांत आला, आणि नागपूर २०१९ मध्यें महावितरणकडे परत आलें. म्हणजे ह्या चार ठोक्यांपैकीं तीन मुदतीपूर्वींच मोडले. ह्यांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, ठोकेदारानें पसंत केलीं तीं शहरें. रानावनांतील पंपांची तार मागून घेण्यास कोणी आलें नाहीं. दुसरी ही कीं, ठोका मोडला तेव्हां दिवे विझले नाहींत, कारण तें काम परत घेणारें महावितरण जाग्यावर उभें होतें. परत घेणाराच उद्यां उरला नाहीं तर?

कराराचा कागद न वाचतां सही केल्यास काय होतें ह्याचा धडा त्यापूर्वींच मिळाला होता. रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागर तालुक्यांत दाभोळ वीज प्रकल्पाचा करार १९९३ मध्यें झाला. वीज घेवो अगर न घेवो, मंडळानें कंपनीस स्थिर आकार द्यावा अशी त्यांत अट होती. १९९९ मध्यें निर्मिति सुरू झाली, वीज मंडळास परवडेना, व २००१ मध्यें केंद्र बंद पडलें. पुढें २००५ मध्यें सरकारी कंपन्यांच्या सहभागानें नवी कंपनी काढून तें सांवरावें लागलें. पिकलें तर ठोकेदाराचें व नापिकी झाली तर मालकाची, असा ठोका आपल्यांतील कोणता शेतकरी लिहून देईल?

आज मात्र निराळाच प्रकार पुढें येत आहे. ४ जानेवारी २०२३ रोजीं वीज कर्मचाऱ्यांनीं संप केला, तो ठाणें, नवी मुंबई, पनवेल, उरण वगैरे भागांत खाजगी कंपनीनें मागितलेल्या समांतर परवान्याविरुद्ध होता. सरकारच्या आश्वासनावर तो त्याच दिवशीं मिटला, व आपल्याकडील पुष्कळांनीं तें मुंबईकडचें भांडण म्हणून सोडून दिलें. पण तें भांडण आपल्या विहिरीपर्यंत येतें. पंपाची वीज खर्चापेक्षां कमी दरानें मिळते. ती तूट कांहीं अंशीं सरकारी अनुदानानें व कांहीं अंशीं कारखानदार आणि व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरानें भरून निघते. हे ग्राहक ज्या भागांत दाट आहेत तेवढेच भाग दुसऱ्यानें निवडून घेतले, तर दुभती म्हैस एकाच्या गोठ्यांत गेली व भाकड जनावरें दुसऱ्याच्या दावणीस राहिलीं, असें होईल. मग महावितरण तोट्यांत आहे म्हणून तीहि मोडावी, असें म्हणण्यास लोक मोकळे.

२०२४ मध्यें राज्य सरकारनें ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस पांच वर्षें मोफत वीज देण्याचें ठरविलें. दिलासा मोठा आहे. परंतु मोफत याचा अर्थ पैसे सरकारनें भरावयाचे, एवढाच आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणें असें अनुदान सरकारनें आगाऊ द्यावयाचें असतें. तें थकलें तर सरकारी कंपनी कुरकुरत सोसते. खाजगी कंपनी सोसणार नाहीं, व तिनें सोसावें असें न्यायानेंहि म्हणतां येणार नाहीं.

खाजगी भांडवल म्हणजे सर्वथा त्याज्य, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेंत खाजगी उद्योजक सौर केंद्रें उभारितात व महावितरण त्यांची वीज दीर्घ मुदतीच्या करारानें विकत घेतें. हेतु हा कीं, रात्रीं विंचूकाट्यांत पाणी धरण्याचा प्रसंग टळून पंपास दिवसां वीज मिळावी. येथें भांडवल खाजगी आहे, पण शेतकऱ्यास वीज देण्याचें दायित्व महावितरणच्याच माथीं राहतें. धुरा कोणाचा हें ठरलेलें असलें, कीं नांगर कोणाचा ह्याची फिकीर करण्याचें कारण नाहीं.

हाच नियम एस. टी. सहि लागू आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी गाडी सुटली. पातुरास रेल्वे नाहीं. आपला सर्व व्यवहार अकोला-वाशिम रस्त्यावर चालतो. ह्या हमरस्त्यावर खाजगी गाड्या पुष्कळ मिळतात, व कित्येकदां त्या एस. टी. पेक्षां चांगल्याहि असतात. परंतु गांवीं मुक्कामास जाऊन पहाटे शाळकरी मुलींना व दवाखान्यांत जाणाऱ्या म्हाताऱ्यांना घेऊन येणारी गाडी कोणाची असते? २०२१-२२ च्या दीर्घ संपांत हमरस्ते ओस पडले नाहींत. आडरस्त्याचीं गांवें मात्र तुटलीं. तेव्हां एस. टी. चा तोटा मोजणाऱ्यांनीं त्यांतील किती भाग आळसाचा व किती धुरा बांधण्याचा, हें वेगळें मांडून दाखवावें. आळसाचा भाग काढून टाकावा; धुऱ्याचा खर्च सरकारनें रोख द्यावा.

ह्या सर्व विवेचनावरून शेतकऱ्यांच्या संस्थांनीं कोणत्या मागण्या कराव्या, हें उघड आहे. करार होण्यापूर्वीं त्याचा मसुदा मराठींत प्रसिद्ध व्हावा. गांव वगळून शहर देऊं नये; द्यावयाचें तर दुभत्याबरोबर भाकडहि द्यावें. डी. पी. किती दिवसांत बदलावयाची, पंपास किती तास व कोणत्या वेळीं वीज द्यावयाची, हें करारांत लिहिलेलें असावें, व न पाळल्यास भरपाई अर्ज न करतां बिलांत जमा व्हावी. आणि ठोका मोडल्यास काम परत घेण्याइतकीं माणसें व सामग्री सरकारी कंपनीकडे सदैव राखलेली असावी. ह्या अटी मान्य नसतील, तर स्वस्त दराच्या कोणत्याहि वचनास भुलूं नये.

परंतु मागणाऱ्याचे हातहि स्वच्छ असले पाहिजेत. तारेवर आकडा टाकून वीज घ्यावयाची, ज्यास बिल येतें त्यानें ऐपत असून तें थकवावयाचें, व मग सार्वजनिक सेवा वांचली पाहिजे म्हणून सभा भरवावयाची, हें शोभत नाहीं. आकडा टाकणारा सरकारचें नव्हे, शेजाऱ्याच्या पंपाचें पाणी तोडतो. तसेंच वीजदर ठरविण्यापूर्वीं राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. अशा सुनावण्या अमरावतीसहि होत आल्या आहेत. तेथें कारखानदारांचे वकील आंकडे घेऊन हजर असतात. आपल्या बाजूनें किती जण जातात, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

मंडळाच्या सभासदांनीं आपापल्या गांवची गेल्या एका वर्षाची नोंद करावी : डी. पी. किती वेळां जळाली, किती दिवसांनीं बदलली, रात्रीं वीज किती दिवस आली, मुक्कामी गाडी किती दिवस चुकली. अशा नोंदी तालुक्यांतील गांवोगांवीं जमल्या, तर पुढील सुनावणींत त्या लेखी दाखल करतां येतील. शेत कोणास कसें द्यावयाचें हा विचार मालकानें करावयाचा असतो. व मालकानें आधीं आपला धुरा स्वतः फिरून पाहिलेला असला पाहिजे.